परदेशी शिक्षण : व्हिसा मिळेल, पण पहिले वर्ष निघेल का?

अमरावतीत राजापेठेपासून गाडगेनगरपर्यंत आणि अकोल्यात रतनलाल प्लॉट, जठारपेठेच्या बाजूला परदेशी शिक्षणाचे फलक आता नवलाचे राहिलेले नाहीत. एकेकाळी पुण्या-मुंबईच्या मुलांपुरता असलेला हा रस्ता दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, वरुडच्या घरांपर्यंत येऊन पोचला आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण या घरांमध्ये पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : 'कोणत्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो?' आमच्या मते हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न असा हवा, की एक रुपयाही कमाई झाली नाही तरी मुलाचे तिथले पहिले बारा महिने निघतील का? या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर व्हिसा मिळणे ही आनंदाची नाही, काळजीची बातमी आहे.

किती पैसे दाखवावे लागतात?

प्रत्येक देश व्हिसा देण्याआधी विद्यार्थ्याकडे राहण्या-खाण्यापुरते पैसे आहेत की नाहीत ते तपासतो. ही रक्कम शिक्षण शुल्काशिवायची असते. युरो १०५, पौंड १२०, कॅनडाचा डॉलर ६५ आणि ऑस्ट्रेलियाचा डॉलर ६० रुपये धरून हिशेब पाहू.

जर्मनी : सप्टेंबर २०२४ पासून 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे साडेबारा लाख रुपये आधीच भरावे लागतात. तिथे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरोच काढता येतात.

ब्रिटन : ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी महिना १,५२९ आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, असे नऊ महिन्यांचे पैसे दाखवावे लागतात. लंडनबाहेरचा आकडा सुमारे १२ लाख ६५ हजार, तर लंडनचा साडेसोळा लाखांवर जातो. हे पैसे खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात.

कॅनडा : २०२३ पर्यंत १०,००० डॉलर पुरत होते. १ जानेवारी २०२४ पासून ते २०,६३५ झाले आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. म्हणजे जवळपास १५ लाख रुपये.

ऑस्ट्रेलिया : १० मे २०२४ पासून २९,७१० डॉलर, म्हणजे पावणेअठरा लाखांच्या पुढे.

हाच आकडा सोयाबीनमध्ये

लाखांचे आकडे कागदावर हलके वाटतात. आपल्या मापाने मोजून पाहा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. जर्मनीचे साडेबारा लाख म्हणजे सुमारे २३५ क्विंटल सोयाबीन. एकरी आठ क्विंटल धरले, तर जवळपास ३० एकरांचे सगळे पीक; तेही बियाणे, खत, फवारणी, मजुरी काहीही वजा न करता. बाजार समितीत हमीभाव मिळतोच असे नाही, हे कास्तकाराला सांगायची गरज नाही. हा झाला एका मुलाचा एका वर्षाचा राहण्याचा खर्च. त्यात कॉलेजची फी नाही आणि विमानाचे तिकीटही नाही.

सरकारी आकडा हा किमान आकडा

दूतावासाने सांगितलेली रक्कम म्हणजे तिथला खर्च, असा समज सर्रास दिसतो. प्रत्यक्षात तो देश एवढेच सांगत असतो की, यापेक्षा कमी पैसे असलेल्याला आम्ही आत घेणार नाही. खर्च शहरावर ठरतो.

म्युनिकमध्ये भाड्याच्या घरातल्या एका खोलीचेच ७०० ते ८०० युरो जातात. विद्यार्थ्याचा आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि त्याचे महिन्याला सुमारे १४० युरो. ९९२ मधून ७५० आणि १४० गेले की उरतात १०२ युरो. त्यात महिनाभर जेवायचे, फिरायचे आणि थंडीचे कपडेही घ्यायचे. पूर्व जर्मनीतल्या केमनिट्झसारख्या शहरात याच ९९२ युरोंत बऱ्यापैकी राहता येते. म्हणजे देश निवडण्याइतकेच शहर निवडणे महत्त्वाचे. प्रवेशाच्या वेळी विद्यापीठाचे नाव सगळे पाहतात, त्या गावातले खोलीभाडे फार थोडे पाहतात.

शिवाय पहिल्या महिन्याचा खर्च नेहमीच्या महिन्यासारखा नसतो. जर्मनीत घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत घेऊ शकतो. ब्लॉक्ड अकाउंटमधून मात्र त्या महिन्यातही ९९२ युरोच निघतात. अनामतीचे पैसे वेगळे जवळ नसतील तर मूल पहिल्याच आठवड्यात उसनवारीवर येते.

परत न मिळणारा पैसा

ब्लॉक्ड अकाउंटमधली रक्कम निदान आपली असते. व्हिसा नाकारला तर ती परत मिळते. अर्जाच्या फीचे तसे नाही. ऑस्ट्रेलियाची विद्यार्थी व्हिसा फी १ जुलै २०२४ रोजी ७१० वरून १,६०० डॉलर झाली आणि १ जुलै २०२५ पासून २,००० डॉलर. म्हणजे सव्वा लाखाच्या घरात रक्कम निव्वळ अर्जाला लागते. व्हिसा नाकारला की ती गेली. ब्रिटनची फी एप्रिल २०२५ मध्ये ५२४ पौंड झाली. त्याशिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा व्हिसा बारा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा असल्याने हा अधिभार दीड वर्षाचा भरावा लागतो, म्हणजे सुमारे एक लाख चाळीस हजार रुपये. व्हिसा नाकारला तर अधिभार परत येतो, फी येत नाही.

जर्मनीत पूर्वी नकाराविरुद्ध दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता एक तर नवा अर्ज करायचा किंवा तिथल्या न्यायालयात जायचे. त्यामुळे कागद पहिल्याच वेळी पक्के असणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे.

सातबारा आहे, पण तारण चालत नाही

वऱ्हाडातल्या घरांची खरी अडचण इथे सुरू होते. घरी दहा एकर जमीन आहे, बाजारभावाने तिची किंमत मोठी आहे, पण शैक्षणिक कर्ज मागायला गेले की बँक विचारते : घर आहे का, एनए प्लॉट आहे का, मुदत ठेव आहे का? कारण सरळ आहे. थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता न्यायालयात न जाता विकण्याचा अधिकार बँकांना ज्या २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला, त्याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी ही तरतूद योग्यच आहे. पण तिचा परिणाम असा, की मोठ्या शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन बहुतेक बँकांना नको असते.

मग घर दोन ठिकाणी जाते. एक, जास्त व्याजाने विनातारण कर्ज देणाऱ्या खासगी वित्त कंपन्या. दोन, गावातला सावकार किंवा जमिनीची सरळ विक्री.

कर्जाचा हिशेब घरी बसून करा. समजा २५ लाख कर्ज ११ टक्क्यांनी घेतले. शिक्षण आणि नोकरी शोधण्याची मिळून अडीच वर्षे हप्ता नाही, पण व्याज चालूच असते. अडीच वर्षांत ते सरळव्याजाने पावणेसात लाखांच्या वर जाते. मुद्दलात मिळून ३१ लाख ८७ हजार होतात. दहा वर्षांची फेड धरली तर हप्ता महिन्याला सुमारे ४४ हजार. मुलाला तिथे नोकरी लागली तर हा हप्ता जड नाही. तो नोकरीशिवाय परत आला, तर अमरावती-अकोल्यातल्या सुरुवातीच्या पगारात तो बसत नाही. हा हप्ता मग कोण भरणार, हे सही करण्याआधी ठरले पाहिजे.

रुपयाची घसरणही हिशेबात धरा. युरो दहा रुपयांनी महागला, तर ११,९०४ युरोंसाठी एक लाख १९ हजार रुपये जास्त लागतात. दुसऱ्या वर्षी निवास परवाना वाढवताना पैशांची सोय पुन्हा दाखवावी लागते. बँकेने मंजूर केलेली रक्कम मात्र रुपयांत तीच राहते.

'फंड दाखवून देतो'

पैसे कमी पडले की एखादा सल्लागार सांगतो, 'काळजी करू नका, महिनाभरासाठी खात्यात रक्कम दाखवून देऊ.' त्यासाठी व्याज आणि कमिशन घेतले जाते, व्हिसा झाला की रक्कम परत जाते. हा व्यवहार अनेकांना चलाखी वाटतो. आमचे स्पष्ट मत आहे की, यात फसवणूक परदेशी सरकारची नंतर आणि आपल्याच मुलाची आधी होते. कारण जो पैसा खात्यात दिसला तो तिथे खर्चायला नाही. मूल विमानतळावर उतरते तेव्हा त्याच्याकडे व्हिसा असतो आणि भाड्याचे पैसे नसतात.

उघडकीला आले तर शिक्षा मुलालाच होते. खोटी कागदपत्रे किंवा चुकीची माहिती दिल्याबद्दल कॅनडा पाच वर्षे, तर ब्रिटन दहा वर्षांपर्यंत दार बंद करू शकतो. ऑस्ट्रेलियातही तीन वर्षांची बंदी येऊ शकते. सल्लागाराचे दुकान चालूच राहते. नोकरीसाठी माणसे परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे आणि त्याच्या सेवाशुल्कालाही ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. नोंदणी आहे की नाही, हे ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही पाहता येते. विद्यार्थी पाठवणाऱ्या सल्लागारांना हा कायदा लागू होत नाही. त्यामुळे तिथे सावध राहण्याची जबाबदारी घरावरच येते.

काम करून भागवू, हा भरवसा

'पार्टटाइम करून भागवेल' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. मर्यादा लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात कॉलेजबाहेर २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. एवढे काम मिळाले तर खाण्या-भाड्याला चांगला हातभार लागतो. पण पहिले काम मिळायला काही महिने जातात आणि जर्मनीत भाषा येत नसेल तर त्याहून जास्त. अर्धवेळ कामाचा पैसा दुसऱ्या वर्षाच्या हिशेबात थोडा धरावा, पहिल्या वर्षाच्या हिशेबात शून्य धरावा.

भाषेचा मुद्दा नोकरीसाठी जाणाऱ्यांनाही लागू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. दहा हजार तरुण पाठवण्याची भाषा झाली आणि आपल्याकडच्या नर्सिंग, आयटीआयच्या मुलांच्या आशा वाढल्या. पण तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला जर्मन भाषेची बी-२ पातळी लागते आणि ती गाठायला वर्षभराचा नेटाचा अभ्यास हवा. करार झाला म्हणून हातची नोकरी सोडू नये. नोकरीचे पत्र हाती आल्यावर सोडावी. आणि ध्यानात ठेवावे, की हेच राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो फी घेते. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे सगळीकडे खरे नाही.

मग जाऊच नये का?

असे आमचे म्हणणे नाही. कपाशी-सोयाबीनच्या भरवशावर पुढची पिढी उभी राहील, असे सांगण्याची आज कोणाची हिंमत नाही. पापळसारख्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरातून पंजाबराव देशमुख १९२० च्या दशकात एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर होऊन परतले आणि १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. ते मंत्री झाले तेव्हा शेतकऱ्याच्या गळ्याभोवतीच्या सावकारी कर्जासाठी लवादाच्या कायद्याची धडपड त्यांनीच केली. परदेशी शिक्षणाची किंमत आणि कर्जाची धास्ती, दोन्ही या मातीला नव्या नाहीत.

निर्णय घेण्याआधी घराने चार गोष्टी कागदावर मांडाव्यात. ज्या शहरात जायचे तिथले खोलीभाडे आणि विमा धरून बारा महिन्यांचा खर्च. त्यावर तीन महिन्यांची जादा रक्कम, अनामतीसकट. नोकरी लागली नाही तर हप्ता कोण आणि कशातून भरणार, याचे उत्तर. आणि शेवटचे, राहते घर किंवा ज्या जमिनीवर घर चालते ती जमीन या व्यवहारात येणार नाही, ही अट. अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागास, आदिवासी आणि आर्थिकदृष्ट्या मागास घटकांसाठीही राज्याच्या योजना आहेत. कर्जाचा अर्ज भरण्याआधी त्यांचा अर्ज भरावा. आणि शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस कापला जात नाही, हेही बँकेत विचारून घ्यावे.

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांची मुले संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात शिकतात. या विद्यापीठाने परदेशी शिक्षणाचा एक निःशुल्क सल्ला कक्ष चालवावा, तिथे कमिशन न घेणारा माणूस बसावा आणि त्याने पालकाला खर्चाचा खरा आकडा सांगावा. तो आकडा ऐकून काही घरे एक वर्ष थांबतील, काही स्वस्त शहर निवडतील, काही इथेच शिकायचे ठरवतील. जी मुले जातील, त्यांना तिथे पोचल्यावर भाड्यासाठी गावाकडे फोन करावा लागणार नाही.