चार दिवसांचा मुक्काम

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली की शिक्षकांच्या खोलीत एकच हिशेब चालतो: कोण किती ठिकाणं फिरून आलं. या वर्षी एका सहकाऱ्याने पाच दिवसांत अकरा ठिकाणं ‘केली’. माझी पाळी आल्यावर मी म्हणालो, “बारा दिवसांत तीन गावं.” सगळे हसले. त्या हसण्याला उत्तर म्हणून हे लिहितो आहे.

आमची गाडी म्हणजे जुनी ओम्नी. मागच्या सीटवर आडवी फळी, फळीवर गादी, खाली पाण्याचे कॅन, छोटा गॅस आणि भांड्यांची पेटी. मी आणि पत्नी या गाडीतच झोपलो, गाडीशेजारीच चहा केला. श्रीवर्धन ते हर्णै हे अंतर लोक एका दिवसात संपवतात, आम्ही बारा दिवस लावले. हा किनाऱ्याचा रस्ताही घाई करू देत नाही. बागमांडल्याला खाडी आडवी येते. गाडी फेरीबोटीवर चढवायची आणि पलीकडे वेश्वीला उतरायची. बोट सुटायची वाट बघताना शेजारच्या मासे घेऊन निघालेल्या बाईशी बोलणं होतंच.

पण सगळं गोड होतं असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. गाडीत झोपणारा माणूस कुणालाही संशयास्पद वाटतो. नाव सांगितल्यावर तो संशय कधी कमी होतो, कधी वाढतो. आपल्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पहिल्याच गावात रात्री दोन तरुण आले. नाव विचारलं, कुठले ते विचारलं, नंबरप्लेटचा फोटो काढला आणि काही न बोलता निघून गेले. पत्नी म्हणाली, “सकाळी निघूया.” मी म्हणालो, “सकाळी निघालो तर त्यांच्या मनात आपण तो फोटोच राहू.” आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशी किराणा त्यांच्याच आळीतून घेतला. तिसऱ्या दिवशी त्यातल्या एकाने गोड्या पाण्याची विहीर दाखवली आणि एक कॅन स्वतः उचलून आणला. निघताना त्याच्या आईने कैऱ्या दिल्या. गाव तेच होतं, मीही तोच होतो. मधे फक्त चार दिवस गेले होते. दरवेळी असंच होईल अशी हमी मी देणार नाही, पण एका रात्रीत निघून जाणाऱ्याला तशी संधीसुद्धा मिळत नाही.

पुढे केळशी. पर्यटक याकूब बाबांचा दर्गा आणि महालक्ष्मीचं देऊळ बघून तासाभरात निघतात. पहिल्या संध्याकाळी नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर एका वयस्कर चाचांनी विचारलं, “किती दिवस मुक्काम?” या साध्या प्रश्नात फिकहचा एक नियम आहे. प्रवासात चार रकात फर्जच्या दोन होतात, ही मुसाफिराला दिलेली सवलत. ती कधी संपते? आम्ही घाटावरचे हनफी. आमच्याकडे पंधरा दिवस राहायची नियत केली की माणूस मुकीम होतो. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. त्यांच्याकडे येण्याजाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहायचं ठरवलं की पुरे. म्हणजे चार दिवस राहणारा त्यांच्या लेखी पाहुणा उरत नाही.

भाषेचा शिक्षक म्हणून मला यात आणखी गंमत वाटते. मुकीम आणि मराठीतला मुक्काम एकाच अरबी धातूतून आले आहेत. आपल्या पत्रांवर ‘मु. पो.’ लिहितात, त्यातला ‘मु.’ तोच.

त्याच चाचांनी पहिल्या दिवशी फक्त नाव सांगितलं होतं. चौथ्या दिवशी ते गाडीशेजारी येऊन बसले, चहा घेतला आणि म्हणाले, “बावीस वर्षं आखातात काढली. दोन वर्षांनी एक महिना सुट्टी. हिशेब करा मास्तर, बावीस वर्षांत गावात अकरा महिने. लग्न, पोरं, अब्बांचं आजारपण, सगळं त्या अकरा महिन्यांत. माझ्याच गावात मी मुसाफिर होतो.” पत्नीने न विचारता त्यांचा कप पुन्हा भरला. हे ऐकायला मी केळशीला गेलो नव्हतो, पण दुसऱ्या दिवशी निघालो असतो तर हे कधीच कानावर पडलं नसतं.

आपल्या परंपरेतला सर्वांत मोठा प्रवासी इब्न बतूता. १३२५ साली तो तंजाहून हजसाठी निघाला आणि घरी परतला १३४९ साली. दिल्लीत तो काही वर्षं काझी होता, मालदीवमध्येही त्याने ते काम केलं. त्याच्या सफरनाम्यात बाजार, लग्नं, दरबार, खाणंपिणं एवढ्या बारकाईने येतं, कारण तो त्या गावांत राहिला होता, तिथे त्याने निवाडे केले होते. आपल्याला तेवढी वर्षं परवडणार नाहीत, पण चार दिवस परवडतात.

अडचणी आहेत. शौचालय आणि अंघोळ हा पहिला प्रश्न, आणि बाईमाणसाला तो दुप्पट. म्हणून मुक्कामाची जागा पत्नी ठरवायची, मी नाही. परवानगी न घेता गाडी लावू नये. कचरा परत न्यावा. डबे भरून नेण्यापेक्षा भाजी, मासे गावातूनच घ्यावेत. पेट्रोल वाचतं, त्यातलं थोडं गावात जावं.

गाडी नसेल तरी बिघडत नाही, एसटी आहे. आणि गाडी असूनही रोज पाच ठिकाणं गाठता येतात. म्हणून माझा आग्रह गाडीचा नाही, मुक्कामाचा आहे. पुढच्या सुट्टीत यादीतली अर्धी गावं खोडा. उरलेल्यांपैकी एका गावात तरी एवढं राहा, की निघताना कुणीतरी विचारील, “एवढ्यात चाललात?” केळशीच्या चाचांनी आम्हाला हेच विचारलं होतं.