विश्लेषण : मोकळ्या भाषेचा भार कोणाच्या फोनवर?

बातमीचं पान पूर्ण लोड झालेलं असतं, रेंजही असते, तरी स्क्रोल करताना ते अडखळतं. अशा वेळी अनेकदा दमलेलं असतं ते ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट इंजिन, म्हणजे वेबसाइटचा कोड चालवणारं आभासी यंत्र.

कोडमध्ये माहिती 'ऑब्जेक्ट'मध्ये ठेवतात. बातमीच्या ऑब्जेक्टमध्ये शीर्षक, वेळ, फोटो असे खण असतात. जावा या भाषेत हे खण आधीच ठरतात, त्यामुळे 'वेळ' हवी असेल तर थेट त्या खणात हात घालता येतो. जावास्क्रिप्ट (नावापुरतीच जावाची नातलग) मोकळी आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तिचं पहिलं रूप दहा दिवसांत उभं केलं. तिच्यात कोड चालू असतानाही ऑब्जेक्टला नवा खण जोडता येतो, असलेला काढता येतो. मग 'वेळ' कुठे आहे, हे दर वेळी नावावरून शोधणं आलं.

यावरचा तोडगा जावास्क्रिप्टहून जुना आहे. 'सेल्फ' या भाषेवर काम करणाऱ्या संशोधकांनी तो १९८९ मध्ये मांडला : प्रोग्रामर साचा सांगत नसेल, तर यंत्रानेच तो गुपचूप बनवायचा. २००८ मध्ये क्रोमसोबत आलेल्या व्ही८ इंजिनाने हेच 'हिडन क्लास' या नावाने केलं. एकाच साच्याच्या शंभर बातम्या आल्या, की खण कितवा हे इंजिन कोडच्या त्या ओळीपाशीच नोंदवून ठेवतं. शोधाशोध संपते.

गोम पुढे आहे. एका बातमीत आधी शीर्षक मग वेळ जोडली आणि दुसरीत उलट, तर आपल्याला सारख्याच वाटणाऱ्या या बातम्या इंजिनाच्या लेखी वेगळ्या साच्याच्या ठरतात. एकाच ओळीपाशी चारपेक्षा जास्त साचे आले, की व्ही८ तिथे ही नोंद ठेवणंच सोडून देतं आणि संथ वाट धरतं. साचा गृहीत धरून बनवलेला वेगवान कोडही टाकून द्यावा लागतो.

डेव्हलपरच्या महागड्या लॅपटॉपवर हे जाणवतही नाही. जाणवतं ते कमी रॅमच्या स्वस्त फोनवर, आणि बॅटरीही त्याच फोनची जाते.

तरी मोकळीकच नको, असं म्हणणं घाईचं ठरेल. जुन्या ब्राउझरमध्ये नसलेली फंक्शन्स वेबसाइट स्वतः जोडून घेऊ शकते, ती याच मोकळिकीमुळे. ती नसती तर जुन्या फोनवर अनेक साइट नीट चालल्याच नसत्या.

भाषेचे नियम ठरवणाऱ्या टीसी३९ समितीपुढे ठरलेल्या साच्याच्या 'स्ट्रक्ट'चा प्रस्ताव आहे : हवं तिथे साचा घट्ट, बाकी भाषा मोकळी. तो येईल तेव्हा येईल. ऑब्जेक्ट बनवतानाच सगळे खण एका क्रमाने भरणं मात्र डेव्हलपरना आजही जमण्यासारखं आहे, आणि पान लाइव्ह करण्याआधी ते एकदा साध्या फोनवर उघडून पाहणंही.