नववी ते बारावीचे गुण आमच्या मुलांना लेखी मिळावेत

प्रति,
मनमाड शहरातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य व संस्थाचालक
प्रत माहितीसाठी: विभागीय सचिव, राज्य मंडळ, नाशिक विभाग

महोदय,

आम्ही मनमाडचे पालक. कुणी रेल्वेच्या कारखान्यात आहे, कुणी अन्न महामंडळाच्या गोदामात, कुणाचे बाजारात दुकान. आमची काही मुले बारावीनंतर अमेरिकेतल्या महाविद्यालयांत अर्ज करू पाहतात. इंग्रजी आणि पैसा या अडचणी आहेतच. पण सगळ्यात आधी घोडे पेंड खाते ते शाळेच्या कागदांपाशी.

तिकडे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. चारही वर्षांचे गुण मागतात आणि ते शाळेने परस्पर पाठवायचे असतात. आपल्याकडे दहावीला शाळा सुटते, अकरावीला दुसरीकडे नाव घालतो. दहावी-बारावीची गुणपत्रिका मंडळ देते. नववी आणि अकरावीचे गुण त्या त्या संस्थेच्या दप्तरात राहतात. आमच्यातल्या एका मुलीने नववीच्या गुणांसाठी शाळेत तीन खेपा घातल्या. कपाटातून निकालपत्रकाचे जाड रजिस्टर निघाले, तिच्या नावापुढे निळ्या शाईत सगळे गुण होते. ते उतरवून सही करायला मात्र कुणी धजेना. ‘असा नमुना आमच्याकडे नाही.’ हाती पडले ते छापील चारित्र्य प्रमाणपत्र, नावाची जागा तेवढी पेनाने भरलेली.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी: अर्ज दिल्यापासून आठ दिवसांत वर्षवार, विषयवार गुणांचा इंग्रजी उतारा सही-शिक्क्यानिशी मिळावा. नववी-दहावीचा उतारा जुन्या शाळेने कनिष्ठ महाविद्यालयाकडे थेट पाठवावा. रजिस्टर आहे, गुण आहेत. नमुना आम्ही करून देतो.

दुसरी मागणी, एका शिक्षकावर ही जबाबदारी लेखी सोपवावी आणि त्यांना संस्थेच्या नावाचा ईमेल द्यावा. कॉमन अ‍ॅप या सामायिक अर्जात शाळेचा अहवाल आणि शिफारसपत्रे विद्यार्थी भरत नाही, शाळाच भरते. या कामापोटी त्या शिक्षकांचे काही तास कमी करावेत. घरी रात्री जागून त्यांनी हे करावे असे आम्ही म्हणणार नाही. शिफारसपत्रात ‘वर्तणूक चांगली’ एवढ्याने भागत नाही. मुलगा प्रयोगशाळेत काय करतो, वर्गात कोणते प्रश्न विचारतो, हे लिहावे लागते, आणि ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक असते.

अर्जांच्या मुदती साधारण १ नोव्हेंबर ते जानेवारीचा पहिला आठवडा. आपली बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मे महिन्यात. तेव्हा पहिल्या सत्राच्या गुणांवरून अपेक्षित टक्केवारी लिहून द्यावी. सोबत शाळेची एक पानी ओळख असावी: माध्यम, पटसंख्या, मंडळाचा निकाल. मंडळाचे ७५ टक्के म्हणजे विशेष प्रावीण्य, हे तिथल्या वाचणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवे.

‘हे श्रीमंतांचे काम’ असे आम्हाला ऐकवले जाते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट या संस्था परदेशी मुलांनाही प्रवेश देताना घरची ऐपत बघत नाहीत आणि निवड झाल्यावर गरजेइतकी पूर्ण मदत करतात. प्रवेश फार थोड्यांना मिळतो, हे आम्ही जाणतो. पण फिटरच्या मुलीलाही अर्ज करता येतो. अर्जाचे शुल्क माफ करून घ्यायलाही बहुधा शाळेचाच दुजोरा लागतो. तो मिळाला नाही की पालक खासगी सल्लागाराकडे जाऊन पैसे मोजतात. मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेच्या कार्यालयात एज्युकेशनयूएसए या अमेरिकी सरकारच्या सल्ला सेवेचे प्राथमिक मार्गदर्शन फुकट मिळते. दर जुलैत त्यांचे एक ऑनलाइन सत्र शाळेत ठेवावे, म्हणजे प्रत्येकाला पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबई गाठावी लागणार नाही.

फेब्रुवारी १९३८ मध्ये याच मनमाडात जीआयपी रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. त्यांना ऐकलेल्या गावात ‘दोन-चार मुलांसाठी एवढा खटाटोप कशाला’ हे उत्तर आम्ही मान्य करणार नाही.

नोव्हेंबरची मुदत पाहता पहिल्या दोन मागण्यांवर ऑगस्टअखेर लेखी निर्णय द्यावा. त्याआधी एक बैठक बोलवावी. आम्ही उताऱ्याचा नमुना घेऊन येऊ.

आपले,
मनमाड शहरातील पालक व विद्यार्थी