नवऱ्यांचा धोत्रा आणि बायकांचे गळे

सोळाव्या शतकातील गोव्याविषयीचा एक किस्सा इतिहास म्हणून पुन्हा पुन्हा सांगितला जातो. पोर्तुगीज आणि मिश्रवंशीय स्त्रिया नवऱ्याच्या खाण्यापिण्यात धोत्रा मिसळत. तो उघड्या डोळ्यांनी वेड्यासारखा हसत बसे, त्याच्यादेखत प्रियकर घरात येई आणि चोवीस तासांनी नवरा भानावर आला की त्याला काहीही आठवत नसे. त्याआधी भानावर आणायचे असल्यास पाय थंड पाण्याने धुतले की पुरे. किस्सा चटकदार आहे; पुरावा म्हणून मात्र तकलादू आहे.

तो प्रसिद्ध केला यान ह्यूखेन व्हान लिन्सखोतेन या डच तरुणाने. १५८३ मध्ये तो गोव्याच्या आर्चबिशपचा कारकून म्हणून आला, पाच वर्षे राहिला आणि १५९६ मध्ये त्याचे ‘इतिनेरारिओ’ प्रसिद्ध झाले. मसाल्यांचे दर आणि सागरी मार्ग यांबाबत त्याचे ऋण मान्य करावेच लागेल. पण धर्मपीठाच्या दप्तरात बसणाऱ्या विशीतल्या परदेशी तरुणाला परक्या घरांच्या माजघरात काय चालते हे कोणी सांगितले? नवऱ्याला आठवत नाही आणि बायको कबूल करणार नाही. उरते ती पुरुषांच्या बैठकीतील कुजबुज.

आता धोत्र्यालाच साक्षीला बोलवावे. त्यात हायोसायमिन, अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही अल्कलॉइडे असतात. मेंदूतील अॅसिटिलकोलिन हा संदेशवाहक ज्या ग्राहींवर काम करतो, त्यांतील एका प्रकारच्या ग्राही ही द्रव्ये अडवून धरतात. परिणामी नवी आठवण नोंदलीच जात नाही. विस्मृतीचा तपशील खरा आहे तो यामुळे. पण उरलेले चित्र किश्शात बसत नाही. बाहुल्या विस्फारतात, तोंडाला कोरड पडते, अंग तापते, नाडी धावू लागते, लघवी अडते. माणूस नसलेल्या वस्तू हवेत पकडू पाहतो, नसलेल्या माणसांशी बोलतो, घाबरून धावत सुटतो. अशा रुग्णाला आवरायला चार माणसे लागतात. चोरून भेटायला आलेल्या प्रियकरासाठी ही काही सोयीची रात्र नव्हे! पाय धुण्याचाही उपयोग नाही. आधुनिक वैद्यकात यावर वापरले जाणारे फायसोस्टिग्मिन हे औषध ती अडवणूक उलटवण्यासाठी मेंदूतील अॅसिटिलकोलिन वाढवते. थंड पाणी तसे काही करत नाही.

मात्रेचा प्रश्न तर याहून बिकट आहे. धोत्रा ही कोठली दुर्मीळ वनस्पती नव्हे. जुळे सोलापुरातल्या मोकळ्या प्लॉटवर तो आपोआप उगवतो आणि महाशिवरात्रीला महादेवाला वाहिला जातो. पण शेजारी उगवलेल्या दोन झुडपांच्या बियांतही विष सारखे नसते. झाडाचे वय, ऋतू, भाग यांनुसार ते बदलते. बेशुद्धी, भ्रम आणि मृत्यू यांतले अंतर चिमटीने मोजता येत नाही. नेमके चोवीस तास गुंगवणारी आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला धडधाकट परत देणारी मात्रा गोव्यातील घरोघरी ठाऊक होती, असे मानणे म्हणजे विषशास्त्राला रजा देणे होय.

धोत्रा देऊन कोणी गुन्हे करतच नसे, असा याचा अर्थ नव्हे. गार्सिया द ऑर्ता हा वैद्य १५३४ पासून गोव्यात होता. १५६३ मध्ये तेथेच छापलेल्या त्याच्या ‘कोलोकियुश’ या ग्रंथात धोत्र्याचा एक प्रसंग आहे: घरातील काळ्या दासीने मालकिणीला धोत्रा दिला आणि किल्ल्या व दागिने घेऊन ती पळाली. तेथेही हसू आहे आणि चोवीस तासही आहेत. लिन्सखोतेनच्या तीस-एक वर्षे आधीच्या या ग्रंथात धोत्र्याचा हेतू मात्र चोरी आहे. तोही संवादरूपात रचलेला ग्रंथ आहे, न्यायालयीन दप्तर नव्हे. तरी बोलतो आहे तो रोग्याकडे पाहणारा वैद्य. एका घरातील चोरी म्हणजे एका नगरातील समस्त पत्नींचा रिवाज नव्हे.

सर्वांत गंभीर आक्षेप निवडक वाचनावर आहे. गोव्यातील या स्त्रियांच्या चालीरीती सांगताना लिन्सखोतेन आणखीही काही लिहितो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे अनेक स्त्रिया नवऱ्यांच्या हातून मारल्या जातात. व्यभिचार सिद्ध होण्याचीही गरज नाही, संशय पुरतो. नवरा गळा चिरतो आणि रात्री परपुरुष घरात शिरला होता असे सांगणारे तीन-चार साक्षीदार उभे करतो. हेही ऐकीवच असेल. पण लेखणी तीच आहे. धोत्र्यासाठी लिन्सखोतेनला विश्वासार्ह मानणाऱ्याला येथे त्याला खोटा ठरवता येत नाही. तरीही किस्सा फिरतो तो हसणाऱ्या नवऱ्याचाच, आणि मेलेली बायको वगळली जाते. साक्षी झाल्या की तो पुरुष कायद्याने निर्दोष सुटे आणि लगेच दुसरे लग्न करण्यास मोकळा होई, हेही लिन्सखोतेननेच नोंदवले आहे.