आकाशवाणीचा धनी कोण?

जून २०२३ मध्ये प्रसार भारतीने पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपविण्याचा निर्णय घेतला. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या पुण्याच्या बातम्यांवर सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांतील कितीतरी घरांचा दिवस सुरू होत आला आहे. सर्व थरांतून निषेध झाला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. हे ठीकच झाले. पण निर्णय कोणी घेतला, श्रोत्यांना कोणी विचारले आणि तो चुकीचा ठरल्यावर त्याचा जाब कोणी दिला, हे प्रश्न तसेच राहिले. स्थगिती ही कृपा असते; उत्तरदायित्व हा हक्क असतो.

त्या वेळी प्रसार भारतीला अध्यक्षच नव्हता, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये रिक्त झालेले हे पद मार्च २०२४ पर्यंत भरले गेले नाही. राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींचा एक प्रतिनिधी अशा समितीने अध्यक्षाची शिफारस करावी, असे कायदा सांगतो. सरकारच्या लहरीपासून ही संस्था मुक्त राहावी, हाच त्यामागील हेतू. परंतु खुर्चीच रिकामी ठेवली की कायदा न मोडताही त्याचा हेतू मोडता येतो. उलट बाजूने, २०१० मध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यावर निलंबनाची वेळ आली ती राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या प्रक्षेपणाचे प्रकरण चव्हाट्यावर आल्यानंतर. पैशाचा घोटाळा दिसतो, म्हणून त्याची चौकशी होते. विश्वासाचा घोटाळा हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

हा कायदा सहजासहजी मिळालेला नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी येताच इंद्रकुमार गुजराल यांच्याकडील माहिती खाते विद्याचरण शुक्लांकडे गेले आणि नभोवाणी सत्ताधाऱ्यांची दवंडी बनली. त्या अनुभवातून वर्गीस समितीने १९७८ मध्ये स्वतंत्र विश्वस्त संस्थेची शिफारस केली. जनता सरकारने ती पूर्णांशाने स्वीकारली नाही. त्या मंत्रिमंडळात समाजवादीही होते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १९९० मध्ये कायदा संमत झाला आणि अंमलात येण्यास सप्टेंबर १९९७ उजाडले. दरम्यान १९९५ मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्या पीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. विरोधी बाकांवर बसून स्वायत्ततेचा जप करावयाचा आणि सत्ता मिळताच तिजोरीची किल्ली मंत्रालयात ठेवावयाची, या रीतीतून कोणताही पक्ष सुटलेला नाही.

आता रेडिओ ऐकतो कोण, असे म्हणून हा प्रश्न झटकणारेही आहेत. त्यांनी ऑगस्ट २०१९ आठवावा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने सत्तावन्न फुटांची पातळी ओलांडली, ब्रह्मनाळला बोट उलटून सतरा जणांना जलसमाधी मिळाली. वीज गेलेली, मोबाईल मुके आणि कोयनेतून किती पाणी सुटले याविषयी अफवांचे पीक. अशा रात्री सेलवर चालणारा साधा रेडिओ माणसाचा जीव वाचवू शकतो. मात्र त्यावरून येणाऱ्या शब्दावर लोकांचा विश्वास हवा, आणि हा विश्वास पुराच्या दिवशी निर्माण करता येत नाही. वर्षभर जेथून मंत्र्यांच्या उद्घाटनांचीच वर्णने ऐकू येतात, त्या आवाजाने ‘गाव सोडा’ म्हटले तर गाव हलेलच, याची खात्री कोण देईल? कृष्णाकाठचे पाणी समजण्यासाठी वार्ताहर कृष्णेच्या जवळ असावा लागतो.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. खाजगी एफ.एम. केंद्रांना परवाने देताना सरकारने त्यांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई केली. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’सारख्या सामुदायिक केंद्रांवरही तेच बंधन घातले. म्हणजे रेडिओवरील बातमीची मक्तेदारी सरकारने आकाशवाणीला बहाल केली. जो मक्तेदार असतो त्याची जबाबदारी दुप्पट असते.

१९६३ पासून सांगलीचे केंद्र या भागातील शेतकऱ्यांच्या, कलावंतांच्या, विद्यार्थ्यांच्या आधारावर उभे आहे. ते ज्यांचे आहे त्यांनीच आता पुढे आले पाहिजे. अध्यक्षपद रिक्त झाल्यास ते ठराविक मुदतीत भरले जावे. कोणताही वृत्तविभाग बंद वा स्थलांतरित करण्यापूर्वी जाहीर सुनावणी व्हावी. प्रत्येक केंद्रावर श्रोत्यांचे प्रतिनिधी असलेली समिती असावी आणि तिच्यापुढे केंद्रप्रमुखांनी वर्षातून एकदा हिशेब मांडावा. या तीन मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांची दारे ठोठवावीत. माहिती अधिकाराचे शस्त्र हाती आहेच.

प्रतिसरकारच्या काळात याच मातीने एक धडा दिला होता. गावकरी इंग्रजांचे न्यायालय सोडून पत्री सरकारच्या न्यायनिवाड्याकडे वळले, कारण तेथे निवाडा करणारा गावासमोर उभा असे. विश्वास हुकमाने मिळत नाही. तो उत्तर देणाऱ्याला मिळतो. आकाशवाणीच्या धुरिणांनीही जनतेसमोर उभे राहावे, एवढीच अपेक्षा आहे.