चार कप्प्यांचा डबा कोण भरणार?

जून जवळ आला की भांड्यांच्या दुकानांत लहान मुलांच्या डब्यांच्या रांगा लागतात. पूर्वी पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या मुलाला घरातलाच एखादा स्टीलचा गोल डबा, वर नाव कोरलेला, पुरत असे. आता दुमजली, चार कप्प्यांचे, चमच्या-काट्यासकट आणि झाकणावर कार्टून असलेले डबे मिळतात. एवढ्याशा डब्यात स्त्रियांचा प्रश्न कुठून आला, असे कोणी विचारील. माझ्या मते तो झाकण उघडण्याआधीच सुरू होतो.

कप्पा रिकामा ठेवता येत नाही. एका कप्प्यात पोळीचा रोल, दुसऱ्यात भाजी, तिसऱ्यात फळाच्या फोडी, चौथ्यात काहीतरी गोड. असा डबा घरात आला की त्याच्याबरोबर रोजच्या कामाचा एक तक्ताही येतो आणि तो कोणी पुरा करायचा हे सांगावे लागत नाही. साडेसातच्या शाळेसाठी साडेपाचला उठणारी बाई पाचला उठू लागते. जाहिरातीत डबा भरणारी बहुधा आईच असते. रिकामा होऊन आलेला डबा हे तिच्या मायेचे प्रशस्तिपत्र आणि उरलेला घास हा तिचा दोष. बाप त्या चित्रात असलाच तर हातात गाडीची किल्ली घेऊन उभा.

ही तक्रार मनची नाही. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनमोबदल्याची घरकामे करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. शिवाय दिवसभरात अशा कामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या, पुरुष जेमतेम २६. या २९९ मिनिटांत आणखी दोन कप्प्यांची भर घालताना आपण निदान विचार तरी करावा.

मग डबा घ्यावा कसा? माझी पहिली कसोटी अशी, की मुलाला तो स्वतःच्या बोटांनी उघडता आणि लावता आला पाहिजे. घट्ट झाकण सांडत नाही म्हणून आपल्याला आवडते. पण बालवर्गात तीस-चाळीस मुले असतात आणि मधली सुट्टी असते पंधरा-वीस मिनिटांची. झाकण उघडले नाही तर मूल एक तर उपाशी राहते, नाहीतर शाळेतल्या मावशींकडे जाते. सगळ्यांची झाकणे उघडत फिरणाऱ्या त्या मावशीही तुटपुंज्या पगारावर राबणारी बाईच असते. म्हणून डबा दुकानातच मुलाच्या हातात द्यावा आणि त्याला उघडायला सांगावे. घरी चार दिवस त्यातूनच खाऊ द्यावे.

दुसरी कसोटी धुण्याची. न सांडणाऱ्या डब्याच्या झाकणात रबराची कडी असते. ती रोज काढून धुतली नाही तर तिच्यात तेल साचते, वास मारतो. घरकाम करणाऱ्या मैत्रिणी सांगतात, की अशा एका डब्याच्या खाचा घासायला दोन साध्या डब्यांइतका वेळ जातो, आणि त्या वेळेचा वेगळा पैसा कोणी देत नाही. प्लॅस्टिकवर हळदीचा डाग बसतो, गरम भाजी त्यात घालणे बरे नाही. साधा स्टीलचा डबा, आत फार तर एक छोटी वाटी, हा राखेने घासा की पावडरीने, स्वच्छ निघतो. तो धाकट्या भावंडालाही जातो. त्यात पोळी-भाजी, भाकरी-उसळ, थालीपीठ असे एकच काहीतरी भरपेट मावते. ते भरायला कौशल्य लागत नाही, म्हणजे बापालाही सबब राहत नाही. पौष्टिक अन्न एकाच कप्प्यात मावते. मावत नाही तो दिखावा.

आता शाळेविषयी. काही शाळा आठवड्याचे वेळापत्रकच देतात, सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी इडली. सूचना लिहिलेली असते मातांना उद्देशून. वर ‘अंडी, मासे आणू नयेत’ अशी ओळ असते. सुकट-भाकरी खाणाऱ्या घरातले मूल त्या दिवसापासून आपले अन्न लपवायला शिकते. डबा उघडला की घर उघडे पडते. जात, मिळकत, आईची नोकरी सगळे चार वर्षांच्या सोबत्यांसमोर मांडले जाते आणि त्या मांडणीला आईच जबाबदार धरली जाते.

याला दुसरी वाट आहे, ती एका पातेल्यातल्या जेवणाची. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शासकीय व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांतल्या आठवीपर्यंतच्या मुलांना त्यावर हक्क दिला. तिथे घरून फक्त ताटली न्यायची. पण या पातेल्यामागेही बाईच उभी आहे. स्वयंपाकी-मदतनीस म्हणून राबणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. २००९ साली केंद्राने त्यांचे मानधन महिना १,००० रुपये ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने. राज्ये त्यात आपापली भर घालतात, पण तिला वेतन म्हणत नाहीत. घरात जे काम माया म्हणून फुकट होते, ते शाळेत सेवा म्हणून जवळजवळ फुकट होते. दोन्हीकडची समजूत एकच, की जेवू घालणे बाईला उपजतच येते, मग त्याला मोल कशाला?

म्हणून महिला मंडळांनी आणि पालकसभांना जाणाऱ्या मैत्रिणींनी या जूनमध्ये चार गोष्टी मांडाव्यात असे मला वाटते. शाळेची सूचना ‘मातांना’ नव्हे, ‘पालकांना’ उद्देशून असावी. डब्यात काय असावे यापेक्षा मुलांना बसून खायला पुरेसा वेळ आणि हात धुवायला पाणी आहे का, हे शाळेने पाहावे. कोणाच्या अन्नावर बंदी नको. आणि स्वयंपाकी-मदतनीस बायांच्या वेतनाच्या मागणीला पालकांनीही सही द्यावी.

घरातली गोष्ट मात्र सभेवाचून होण्यासारखी आहे. डबा आणायला दोघांनी जावे, आणि तो भरायचे, घासायचे वार दुकानातून परततानाच वाटून घ्यावेत. एकदा शाळा सुरू झाली की ते वाटप कोणी करत नाही.