फुरसतीचे छंद : खोगीरभरती

आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त इंग्लंडांत असतो. गेल्या वर्षीं आम्ही उभयतां त्याच्याकडे दोन महिने राहून आलों. पहिल्याच सायंकाळीं जेवणाच्या मेजावर बोटाच्या पेराहूनहि लहान असे साठसत्तर शिपाई पसरलेले पाहून सौभाग्यवतींस वाटलें, घरीं कोणी लहान मूल पाहुणें आलें असावें! चौकशीअंतीं कळलें कीं, खेळगडी तो आमचा पुतण्या स्वतःच. वय वर्षें बेचाळीस.

वाचकांनीं हंसूं नये. युद्धाचा खेळ मांडण्याची कल्पना चांगल्या प्रौढ डोक्यांतून निघालेली आहे. राइसविट्झ नांवाच्या प्रशियन अधिकाऱ्याचे असे नियम १८२४ सालीं प्रसिद्ध झाले व त्या सैन्यांत शिक्षणासाठीं वापरले गेले, एच्. जी. वेल्स या कादंबरीकारानें १९१३ सालीं ‘लिट्‌ल वॉर्स’ हें पुस्तक लिहून खेळण्यांतल्या शिपायांची लढाई घरांतल्या जमिनीवर आणली.

पुतण्याची सेना इसवी सन ४०० च्या सुमाराच्या रोमन साम्राज्याची. पलटणी आणि घोडदळ त्यानें हौसेनें रंगविलें होतें. ढालींवरील चित्रें ‘नोटिशिया डिग्निटाटम’ या त्या काळच्या सरकारी नोंदवहीच्या नकलांवरून उतरविलीं होतीं. मात्र एका डब्यांत चोवीस पुतळे तीन वर्षें तसेच पडून होते. ना चिलखत, ना शिरस्त्राण. हातांत भाला, गोफण, नाहीं तर नुसता धोंडा. “ही खोगीरभरती, काका,” तो म्हणाला, “खेळांत हे पहिल्या धक्क्याला पळतात. यांच्यावर रंग कोण खर्चणार?”

आम्हांस तें रुचलें नाहीं. आणि हे लोक कोण, हें वाचून पाहिल्यावर तर मुळींच रुचलें नाहीं. ३७८ सालीं एड्रियानोपलच्या लढाईंत सम्राट व्हॅलेन्स पडला व त्याच्या सैन्याचा जेमतेम तिसरा हिस्सा वांचला, असें इतिहासकार अमिआनस लिहितो. नवीं माणसें आणावयाचीं कोठून? जमीनदारांनीं आपल्या जमिनीच्या मानानें माणसें शिपाईगिरीस द्यावीं, असा दंडक होताच. धनी साहजिकच नकोसा झालेला गडी पुढें करीत. व्हेजेटियस या ग्रंथकारानें त्याबद्दल कडक तक्रार केली आहे. आणि गडी? लढाईवर जाणें टळावें म्हणून कित्येक स्वतःचा अंगठा तोडून घेत. ३८१ सालच्या कायद्यानें तीहि वाट बुजविली : अंगठा तुटलेला द्यावयाचा, तर धडधाकट एकाच्या जागीं तसले दोन द्या!

अशा भरतीचे बहुतेक लोक नियमित पलटणींत जाऊन तेथें तयार होत. तेव्हां खेळांतली ही स्वतंत्र ‘झुंड’ अर्धीअधिक खेळाच्या सोयीची. पण जमाव म्हणून लढले तेव्हां ते नेहमींच पळाले, असेंहि नाहीं. ३९९ सालीं ट्रिबिगिल्ड हा गॉथ सरदार लुटालूट करीत पँफिलियांत, म्हणजे आजच्या दक्षिण तुर्कस्तानांत, उतरला. तेथील सेल्गे गांवच्या व्हॅलेंटिनस नांवाच्या गृहस्थानें गुलाम व शेतकरी जमवून ते वाटेवरच्या टेकड्यांवर दबा धरून बसविले. गोफणगुंडे आणि मोठमोठे धोंडे यांच्या वर्षावाखालीं गॉथांची दाणादाण उडाली. सरदार सुमारें तीनशें लोकांनिशीं निसटला, तोहि खिंड राखणाऱ्यास लांच देऊन, असें झोसिमस सांगतो.

हें ऐकल्यावर डबा उघडला गेला.

पुतळे साबणाच्या पाण्यांत धुवून ओतकामाच्या कडा बारीक कानशीनें घासाव्या. जुने पुतळे बहुधा शिशाचे असतात. काम होतांच हात धुवावे व ते लहान मुलांच्या हातीं देऊं नयेत. अस्तराचा रंग वाळल्यावर कपडे रंगवावे. येथें गणवेष नको. न रंगविलेली लोकर पांढरट, मातकट, करडी, काळपट अशी असते. शेजारच्या दोघांचा रंग सारखा असूं नये, इतकेंच पाहावें.

खरी मेहनत बैठकीची. पुतण्याच्या मंडळींत ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ हे १९९० सालचे नियम चालतात. त्यांत या मापाच्या पुतळ्यांसाठीं बैठकीची रुंदी ४० मिलिमीटर. कवाइती भालाईत तीवर चौघे, खोली १५ मिलिमीटर, खांद्याला खांदा. झुंडीस मात्र खोली ३० मिलिमीटर आणि माणसें पांच ते सात. आम्हीं पहिले सहा जण दोन रांगांत सुबक बसविले. पुतण्यानें पाहिलें आणि डिंक ओला होता तोंच ते उपटले. “काका, कवाईत कधीं शिकले हे?”

खरेंच होतें. मग दोघे पुढें, एक वाकलेला, तिघे मागें घुटमळणारे, मध्यें मोकळी जमीन. पांढऱ्या डिंकावर बारीक वाळू पसरावी. ती वाळली कीं गडद तपकिरी रंग द्यावा, व त्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें फिकट मातकट रंग फिरवावा. कणन्‌कण उठून दिसतो. एका बैठकीवर पाइनच्या सालीचे तुकडे खडक म्हणून लावले, ते सेल्गेकर. सौभाग्यवती तोंपर्यंत अलिप्त होत्या. त्यांनीं शेवटचा गोफणवाला पाठमोरा बसविला. “सगळेच कसे पुढें बघतील? कोणाला तरी घर दिसत असेल कीं!”

रविवारीं प्रतिपक्षी आला. पुतण्यानें फांसा टाकला, एक पडला, आणि सेल्गेकर पहिल्याच धक्क्याला गारद. आम्ही हिरमुसलों. सौभाग्यवतींनीं मात्र विचारलें, “पण यांना टेकडी कुठें दिली होतीत?”

आम्ही निघालों त्या दिवशीं पुतण्या थर्मोकोल कापीत बसला होता.